एकतीस नंबरची जर्सी

इंग्रजीतल्या 'अमॅच्युअर' ह्या शब्दाला मराठीत आपण 'हौशी' म्हणतो. मूळ लॅटिन शब्दाच्या पोटात प्रेम आहे, आपल्या शब्दाच्या पोटात हौस आहे. दोन्ही शब्द सुंदर आहेत. गोव्यातल्या माणसाला तर हौशी ह्या शब्दाचा अर्थ कोशात बघावा लागत नाही. गावच्या देवळाच्या उत्सवात मांडव पडतो, महिनाभर तालमी होतात, आणि गावचीच माणसे तोंडाला रंग लावून रात्रभर नाटक करतात. कुणी शिक्षक असतो, कुणी बँकेत, कुणी दुकान चालवतो. पैसे कुणालाच मिळत नाहीत, आणि तिकीटही कुणाला काढावे लागत नाही. देवाची सेवा आणि स्वतःची हौस, एवढाच व्यवहार. दुसरीकडे पेडण्यापासून सावंतवाडीपर्यंत जत्रा गाजवणारे दशावतारी असतात. ते व्यावसायिक. त्यांची बिदागी ठरलेली असते आणि ती घेण्यात त्यांना कधी संकोच वाटत नाही, वाटूही नये. दोन्ही व्यवहार मला सारखेच स्वच्छ वाटतात.

आता तिसरा एक प्रकार कल्पून पाहा. थिएटर भव्य आहे, तिकीट महाग आहे, व्यवस्थापकाला गलेलठ्ठ पगार आहे, दिग्दर्शकाला त्याहून मोठा आहे, प्रयोगाचे हक्क टीव्हीला विकलेले आहेत, आणि नट तेवढा हौशी! त्याने एक पैसा जरी घेतला तर कलेचे पावित्र्य भंगते म्हणून त्याला नाटकातून काढून टाकतात. हे ऐकून तुम्ही हसाल. पण अमेरिकेतल्या कॉलेजांमधला बास्केटबॉल आणि फुटबॉल कित्येक दशके नेमका ह्याच नियमावर चालला होता. तो नियम मोडायला जो माणूस निमित्त झाला त्याची गोष्ट मला आज सांगायची आहे. त्याचे नाव एड ओबॅनन.

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, मैदानाच्या कडेला पंधरा-वीस मित्र, आणि वार्षिक स्नेहसंमेलनात मिळणारा एक कप. अमेरिकेत तसे नाही. तिथे विद्यापीठाचा संघ म्हणजे त्या राज्याची अस्मिता. दरवर्षी मार्च महिन्यात होणाऱ्या कॉलेज बास्केटबॉलच्या बाद फेरीच्या स्पर्धेने सारा देश वेडा होतो. १९३९ साली सुरू झालेली ही स्पर्धा एनसीएए ही संस्था भरवते. ह्या संस्थेचा जन्म १९०६ चा. कॉलेजच्या फुटबॉलमध्ये मुले अक्षरशः मरत होती, म्हणून अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी लक्ष घातले आणि त्यातून ही नियामक संस्था उभी राहिली. हेतू चांगला होता, ह्यात शंका नाही.

एड ओबॅननचा जन्म १९७२ साली लॉस एंजेलिसमध्ये झाला. शाळेत असतानाच देशातल्या उत्तम खेळाडूंमध्ये त्याची गणना होऊ लागली. सहा फूट आठ इंच उंची, डावखुरा, आणि उंचीच्या मानाने विलक्षण चपळ. त्याला खरे तर नेवाडाच्या लास व्हेगस विद्यापीठात जायचे होते, पण त्या संघावर एनसीएएची कारवाई झाली आणि तो घरच्याच यूसीएलएमध्ये आला. यूसीएलए म्हणजे बास्केटबॉलची पंढरी. जॉन वुडन नावाच्या प्रशिक्षकाने १९६४ ते १९७५ ह्या बारा वर्षांत ह्या विद्यापीठाला दहा अजिंक्यपदे मिळवून दिली होती. पुढे करीम अब्दुल जब्बार ह्या नावाने जगप्रसिद्ध झालेला खेळाडू त्यांचाच शिष्य. पण वुडन निवृत्त झाले आणि पंढरीतला विठोबा जणू रुसला. वीस वर्षे एकही अजिंक्यपद नाही.

एडच्या नशिबी सुरुवातच वाईट होती. १९९० च्या ऑक्टोबरमध्ये, संघाचा सराव सुरू व्हायच्या आठवडाभर आधी, सहज खेळताना उडी मारून तो खाली आला आणि डाव्या गुडघ्याचा मुख्य स्नायुबंध तुटला. शस्त्रक्रिया झाली. पहिला मोसम सगळा गेला, दुसराही जवळजवळ गेल्यातच जमा. हा मुलगा पुन्हा पूर्वीसारखा खेळेल असे फार थोड्यांना वाटत होते. पण तो परतला, आणि दरवर्षी अधिक चांगला होत गेला.

३ एप्रिल १९९५. सिअ‍ॅटलचे किंगडोम स्टेडियम. अडतीस हजारांहून अधिक प्रेक्षक. समोर आदल्या वर्षीचा विजेता आर्कान्सा. यूसीएलएचा कणा म्हणजे टायस एडनी हा छोटेखानी गार्ड. ह्याच स्पर्धेत मिसुरीविरुद्ध शेवटच्या ४.८ सेकंदांत संपूर्ण मैदान पळत जाऊन त्याने संघाला एका गुणाने वाचवले होते. त्या एडनीचे मनगट दुखावलेले होते, आणि अंतिम सामन्यात तो तीन मिनिटेही खेळू शकला नाही. मग जबाबदारी कुणी घ्यायची? एडने घेतली. ३० गुण आणि १७ रिबाउंड. यूसीएलए ८९, आर्कान्सा ७८. वीस वर्षांनी अकरावे अजिंक्यपद आले. त्या संघात त्याचा धाकटा भाऊ चार्ल्सही होता. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू एड, आणि त्या वर्षीच्या उत्कृष्ट कॉलेज खेळाडूला मिळणारा जॉन वुडन पुरस्कारही एडलाच. पुढे विद्यापीठाने त्याची ३१ नंबरची जर्सी सन्मानाने निवृत्त केली, म्हणजे तो नंबर यापुढे कुणाला मिळायचा नाही.

त्याच सुमारास सीबीएस ह्या वाहिनीने ह्या स्पर्धेचे हक्क आठ वर्षांसाठी १७२ कोटी ५० लाख डॉलरला घेतले होते. एडला काय मिळत होते? शिकवणीची फी, राहणे, जेवण, पुस्तके. हे काही थोडे नव्हे, असे म्हणणारे आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्यही आहे. शिष्यवृत्तीमुळे हजारो गरीब मुलांची आयुष्ये बदलली. पण एड पुढे न्यायालयात शपथेवर म्हणाला की आठवड्याचे चाळीस-पंचेचाळीस तास बास्केटबॉलला जात आणि अभ्यासाला जेमतेम बारा. आपण विद्यार्थ्याचे सोंग घेतलेले खेळाडू होतो, असा त्याचा एकूण सूर होता.

आणि मग 'नंतरचे आयुष्य' सुरू झाले. खेळाडूच्या चरित्रात हे प्रकरण बहुधा कुणी वाचत नाही. १९९५ च्या निवडीत एनबीएच्या न्यू जर्सी नेट्सने त्याला नवव्या क्रमांकावर घेतले. (त्याच निवडीत पाचव्या क्रमांकावर केव्हिन गार्नेट होता, शाळेतून थेट आलेला. तो कॉलेजची पायरी चढलाच नाही आणि पुढे महान खेळाडू झाला.) एडचे मात्र तिथे जमले नाही. शरीर मध्यम, गुडघा जुना, आणि आत्मविश्वास डळमळलेला. दोन मोसम, १२८ सामने, सामन्यामागे सरासरी पाच गुण. नेट्सने त्याला डॅलसला धाडले, डॅलसनेही ठेवून घेतले नाही. पंचविशीत एनबीएचे दार बंद! त्यानंतर इटली, स्पेन, ग्रीस, अर्जेंटिना, पोलंड असा प्रवास झाला. जिथे संघ बोलावील तिथे. २००४ साली, बत्तिसाव्या वर्षी, त्याने खेळ थांबवला, आणि लास व्हेगसजवळ हेंडरसन ह्या गावी टोयोटा गाड्यांच्या विक्रीदालनात नोकरी धरली.

मला ह्या नोकरीबद्दल वाईट वाटत नाही, आणि त्यालाही वाटत नव्हते असे त्याच्या मुलाखतींवरून दिसते. गाड्या विकणे हे प्रामाणिक काम आहे. तिथे विकलेल्या गाडीमागे कमिशन तरी मिळते! गंमत अशी की, त्याच काळात तो आणखी कुठेतरी विकला जात होता आणि त्याचे कमिशन त्याला मिळत नव्हते.

झाले असे. एका मित्राच्या घरी तो गेला होता. मित्राचा मुलगा संगणकी बास्केटबॉल खेळत होता. ईए स्पोर्ट्स ह्या कंपनीच्या त्या खेळात जुने गाजलेले कॉलेज संघही होते, आणि त्यात १९९५ चा यूसीएलए होता. पडद्यावरच्या आकृतीला नाव नव्हते. पण तीच उंची, तोच वर्ण, तेच तुळतुळीत डोके, तोच डावा हात, आणि पाठीवर ३१. एडला आधी मौज वाटली, अभिमान वाटला. मग मित्र सहज बोलून गेला की ह्या खेळाला आम्ही साठ डॉलर मोजले आणि तुला त्यातला एक सेंटही मिळाला नाही. हे वाक्य त्याच्या मनात रुतून बसले.

विद्यापीठ सोडून चौदा वर्षे झाली होती. आता तो विद्यार्थी नव्हता, हौशी नव्हता, एनसीएएचा कुणीही नव्हता. तरीही त्याचे रूप विकण्याचा हक्क मात्र दुसऱ्याच कुणाचा! शिष्यवृत्तीच्या बदल्यात माणूस आपला चेहरा आयुष्यभरासाठी गहाण टाकतो काय, हा साधा प्रश्न होता. सनी व्हॅकारो ह्या गृहस्थाने त्याला वकिलांपर्यंत पोहोचवले. हा व्हॅकारो म्हणजे मायकेल जॉर्डनला नायकीकडे आणणाऱ्यांपैकी एक. कॉलेजच्या प्रशिक्षकांना पैसे देऊन त्यांच्या पोरांच्या पायात कंपनीचे बूट चढवायची रीत त्यानेच पाडली होती. व्यवस्थेच्या साऱ्या खाचाखोचा माहीत असलेला माणूस उतारवयात तिच्याविरुद्ध उभा राहिला. जुलै २००९ मध्ये दावा दाखल झाला. पुढे बिल रसेल आणि ऑस्कर रॉबर्टसन ह्यांच्यासारखे पितामहही वादी म्हणून सामील झाले.

इथे थोडे मागे जायला हवे, कारण एनसीएएची सारी भिस्त एका जोडशब्दावर होती. तो शब्द म्हणजे 'स्टुडंट-अ‍ॅथलीट', विद्यार्थी-खेळाडू. ऐकायला किती सोज्वळ! पण त्याचा जन्म कुठे झाला? १९५५ साली कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजकडून फुटबॉल खेळताना रे डेनिसन हा तरुण डोक्याला मार लागून मेला. त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली. नवरा शिष्यवृत्तीवर खेळत होता, म्हणजे तो कॉलेजचा नोकरच नव्हे काय? १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने नाही म्हटले. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असे कारण दिले. अशा दाव्यांच्या धास्तीनेच एनसीएएचे तेव्हाचे सर्वेसर्वा वॉल्टर बायर्स यांनी 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्द रूढ केला, आणि सगळ्या नियमांत व भाषणांत तो सक्तीने वापरायला लावला. हे मी सांगतो असे नव्हे, बायर्स यांनीच निवृत्तीनंतर आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे. छत्तीस वर्षे ज्या किल्ल्याची किल्लेदारी केली, त्या किल्ल्याची तुलना त्यांनी मळ्यावरच्या गुलामीच्या वृत्तीशी केली. ते पुस्तक निघाले १९९५ साली. म्हणजे एड ओबॅनन ज्या वर्षी खांद्यावर नाचवला जात होता, त्याच वर्षी!

शब्द बनवणारे शब्दाला कसे राबवतात, हे भाषेवर प्रेम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे असे हे उदाहरण आहे. नोकर म्हटले की पगार आला, विमा आला, हक्क आले. विद्यार्थी म्हटले की फक्त शिस्त उरली.

खटला जून २०१४ मध्ये ओकलंडच्या संघीय न्यायालयात उभा राहिला. त्याआधी गेम बनवणारी कंपनी आणि परवाने देणारी कंपनी यांनी चार कोटी डॉलर देऊन आपापली मान सोडवून घेतली होती. एनसीएए मात्र हटली नाही. वादींनीही एक मोठा निर्णय घेतला. खटला उभा राहण्याआधी त्यांनी वैयक्तिक भरपाईची मागणी सोडून दिली आणि केवळ नियम बदला एवढेच मागणे ठेवले. साक्षीला पहिला उभा राहिला तो एड.

८ ऑगस्ट २०१४ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी नव्व्याण्णव पानी निकाल दिला. खेळाडूंच्या नावारूपाच्या कमाईतला वाटा त्यांना नाकारायचे सर्व विद्यापीठांनी मिळून ठरवणे म्हणजे १८९० च्या शर्मन मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असे त्यांनी म्हटले. सर्वांनी मिळून मजुरी शून्य ठरवायची, ह्याला बाजाराच्या भाषेत संगनमत म्हणतात. विद्यापीठांनी शिकण्याचा पूर्ण खर्च द्यावा आणि वर वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूच्या नावे ठेवायची मुभा असावी, असा आदेश झाला. सप्टेंबर २०१५ मध्ये वरच्या न्यायालयाने कायद्याचा भंग मान्य केला, पण पाच हजारांची तरतूद दोन विरुद्ध एक मताने रद्द केली. ऑक्टोबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायला नकार दिला. म्हणजे अर्धा विजय. एडच्या खिशात काय आले म्हणाल, तर ह्या निकालातून भरपाई म्हणून काहीच नाही.

पण तटबंदीतला एक चिरा निखळला की पुढचे चिरे हलायला वेळ लागत नाही. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करू देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य असा एनसीएएविरुद्ध निकाल दिला. न्या. कॅव्हानॉ यांनी स्वतंत्र मत लिहून विचारले, त्याचा आशय असा: कामगाराला पैसे न देणे हेच आमच्या मालाचे वैशिष्ट्य, असे सांगणारा दुसरा कुठला धंदा ह्या देशात चालू दिला असता? दहाच दिवसांनी, १ जुलै २०२१ पासून, खेळाडू जाहिराती करू लागले, करार करू लागले. ज्या कॉलेज खेळांचे संगणकी रूप २०१३ नंतर बंद पडले होते, त्यातला फुटबॉल २०२४ मध्ये परत आला. ह्या खेपेस पडद्यावर खेळाडूंची खरी नावे होती आणि प्रत्येकाला सहाशे डॉलर व खेळाची एक प्रत देऊ केली होती. ६ जून २०२५ रोजी त्याच न्यायाधीश विल्कन यांनी आणखी एका दाव्यातली तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर, आणि विद्यापीठांना २०२५-२६ ह्या वर्षी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना देण्याची मुभा.

'जुने खेळाडू' म्हणजे कुठवरचे जुने? २०१६ पासूनचे. १९९५ वाले त्यात नाहीत.

ह्या साऱ्याने सगळे आबादीआबाद झाले असे मी म्हणणार नाही. आता पैशांच्या मागे खेळाडू दरवर्षी विद्यापीठ बदलतात, श्रीमंत विद्यापीठे आणखी बलवान होतात, आणि ज्या खेळांना प्रेक्षक नाही त्या पोहणाऱ्या-धावणाऱ्या मुलामुलींच्या शिष्यवृत्त्यांचे काय, हा प्रश्न खरा आहे. जुन्या पद्धतीतले निष्ठेचे, शाळेच्या रंगांसाठी जीव टाकण्याचे दिवस गेले म्हणून हळहळणारे लोकही सगळेच ढोंगी नाहीत. पण मला त्यांना एवढेच विचारावेसे वाटते: निष्ठा जर इतकी मोलाची होती, तर ती फक्त मैदानात उतरणाऱ्या पोरांकडूनच का मागितली गेली? प्रशिक्षकांचे पगार कोटींत गेले. आज अनेक राज्यांत सर्वांत जास्त पगार घेणारा सरकारी नोकर हा राज्यपाल नसून कॉलेज संघाचा प्रशिक्षक असतो. २०१० साली ह्याच स्पर्धेचे हक्क चौदा वर्षांसाठी १,०८० कोटी डॉलरला विकले गेले. तेव्हा कुणी विद्यापीठाच्या रंगांची शपथ घेऊन पैसा परत केल्याचे ऐकिवात नाही.

एड ओबॅननने २०१८ मध्ये आपल्या लढ्याचे पुस्तक लिहिले. जिथे त्याने ३० गुण केले ते किंगडोम स्टेडियम २००० सालीच सुरुंग लावून पाडण्यात आले. विक्रम नोंदवहीत असतात, पण मैदाने टिकत नाहीत. खेळाडू म्हणून त्याचे आयुष्य, कठोरपणे पाहिले तर, एका रात्रीचे. तिच्या आधी दुखापत आणि नंतर उतरण. पण आज अमेरिकेत एखादी अठरा वर्षांची मुलगी कॉलेजच्या संघात खेळते, बुटाच्या कंपनीशी करार करते आणि आईला घर घेऊन देते, तेव्हा तिला बहुधा हे नावही माहीत नसते. वाट पाडणाऱ्याचे नाव वाटेला मिळतेच असे नाही.

हौस ही देण्याची गोष्ट आहे. ती ज्याची त्याने द्यावी. दुसऱ्याने ती वसूल करू नये. गावच्या उत्सवातला नट रात्रभर उभा राहतो, कारण त्याला उभे राहायचे असते, आणि त्याच्या उभे राहण्यावर कुणी माडी बांधत नाही. ज्या दिवशी कुणी माडी बांधू लागेल, त्या दिवशी त्या नटाने बिदागी मागावी. त्याने त्याची सेवा उणावत नाही.